परवानाधारक वात्रटपणा

‘डेडपूल २’ची सुरुवात अशी. लाल कपड्यांतला नायक इंधनाच्या पिंपांवर आडवा होतो, सिगारेट ओढतो, थोटूक हवेत भिरकावतो आणि स्वतःच्या चिंधड्या उडवून घेतो. हात एकीकडे, मुंडकं भलतीकडे. आपल्याकडच्या नियमानुसार पडद्यावर सिगारेट आली की कोपऱ्यात इशारा यावा लागतो : धूम्रपान आरोग्याला हानिकारक आहे. सिनेमातला सगळ्यात सरस विनोद हाच, आणि तो आपल्या आरोग्य मंत्रालयानं लिहिलाय.

हा सिनेमा आला तेव्हा, मे २०१८मध्ये, मुंबईत पेट्रोल लिटरला ८४ रुपयांच्या वर गेलं होतं; अशा वेळी कुणी पिंपंच्या पिंपं उडवतं का, हा प्रश्न वेगळा. कर्नाटकचं मतदान उरकेपर्यंत १९ दिवस हेच दर जागचे हलले नव्हते, हेही जाता जाता.

तर हा डेडपूल. २०१६ साली पहिला भाग आला तेव्हा स्टुडिओचा त्याच्यावर फारसा भरवसा नव्हता. खर्च ५.८ कोटी डॉलर, म्हणजे महानायकांच्या दुनियेत चहापाण्याचे पैसे. जगभरातून गल्ला आला ७८ कोटींच्या आसपास. तेव्हा त्यानं सिनेमातच टोमणा मारला होता की स्टुडिओकडे पैसे नाहीत म्हणून दोनच एक्स-मेन दिसतात. या वेळी खर्च ११ कोटींवर गेलाय. एक्स-मेनची अख्खी पलटण एका खोलीत बसलेली आहे आणि आपला नायक दाराबाहेरून करवादतोय की बाकीचे कधी दिसतच नाहीत. आतले हळूच दार लावून घेतात. दोन सेकंदांचा विनोद, पण खळखळून हसवतो.

(पुढच्या परिच्छेदात कथा फुटेल. यात कथा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो गाळावा.)

पहिल्याच काही मिनिटांत नायकाची प्रेयसी मारली जाते. लगेच सेलीन डियाँचं गाणं, जेम्स बाँडच्या थाटातली श्रेयनामावली, आणि दिग्दर्शक डेव्हिड लीच यांच्या नावाच्या जागी त्यांची कर्तबगारी : ‘जॉन विक’मध्ये कुत्र्याला मारणाऱ्यांपैकी एक. फारच वात्रट! पण आता पुढे बघा. प्रेयसी मेल्यावर नायक खचतो. त्याला एक पोरका मुलगा भेटतो. भविष्यातून एक खुनशी माणूस त्या मुलाला मारायला येतो. नायक टोळी जमवतो, टोळी म्हणजे कुटुंब हे त्याला उमगतं आणि शेवटी मुलासाठी तो जीव द्यायला निघतो. म्हणजे ज्या सिनेमांची टर उडवण्यासाठी हा जन्माला आला, त्यांचीच पटकथा, फक्त शिव्या घालून परतलेली. मध्येच नायक स्वतःच म्हणतो की हे लिखाण आळशी आहे. आळस कबूल केला की माफ होतो, ही सोय लेखकांनी कुठून शोधली कोण जाणे. आमच्या संपादकांना ती अजून पटलेली नाही.

तो कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोलतो, याचं परदेशी समीक्षकांना केवढं अप्रूप! आपल्या वगातला सोंगाड्या पिढ्यान् पिढ्या दुसरं करतोय काय? राजाच्या दरबारात उभं राहून तो समोरच्या पाटलाचा फेटा उडवायचा. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके सकाळच्या पेपरातलं राजकारण रात्री रंगमंचावर आणायचे. फरक एवढाच की सोंगाड्या ज्याची उडवायचा, तो बऱ्याचदा पहिल्या रांगेत बसलेला असायचा आणि खेळ संपल्यावर सोंगाड्याला त्याच गावात मुक्काम करायचा असायचा. डेडपूल उडवतो कुणाची? बॅटमनच्या कंपनीची, म्हणजे धंद्यातल्या स्पर्धकाची. वुल्व्हरिनची, म्हणजे घरच्याच माणसाची. भविष्यातून आलेला तो खुनशी माणूस झालेल्या जॉश ब्रोलिनला तो ‘थॅनोस’ म्हणून हाक मारतो, कारण या सिनेमाच्या तीनच आठवडे आधी हाच ब्रोलिन ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये थॅनोस होऊन अर्धं विश्व चुटकीसरशी संपवून गेला होता. त्या थॅनोसचं मालक घराणं डिस्ने, आणि डेडपूलचं फॉक्स विकत घ्यायचा सौदा डिस्नेनं डिसेंबर २०१७मध्येच जाहीर केला होता. व्याह्यांनी एकमेकांना चिमटे काढावेत तसं हे. सगळ्यात जास्त टर उडते ती डेडपूल झालेल्या रायन रेनॉल्ड्सच्याच जुन्या पापांची. शेवटी तर तो काळात मागे जाऊन २००९ सालचा तोंड शिवलेला डेडपूल संपवतो आणि ‘ग्रीन लँटर्न’ची संहिता हातात घेऊन खूश झालेल्या स्वतःलाही गोळी घालतो. हे खरंच झकास आहे. चित्रपट पडल्यावर प्रेक्षकांना दोष देणाऱ्या आपल्याकडच्या नटांनी एकदा बघून घ्यावं.

टोळीचा प्रसंगही झकास. जाहिरात वाचून आलेली माणसं, त्यात कुठलीही शक्ती नसलेला, मिशीवाला, भला माणूस पीटर. मोठ्या थाटात सगळे विमानातून उड्या मारतात आणि वाऱ्यापुढे टोळीचा निकाल लागतो. अदृश्य माणूस विजेच्या तारांवर पडतो, तेव्हा पापणी लवायच्या आत कळतं की तो ब्रॅड पिट होता. उरतात डेडपूल आणि डॉमिनो, जिची महाशक्ती म्हणजे नशीब. २०१८ साली १७ मे रोजी कर्नाटकच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन १९ला राजीनामा देणाऱ्या येडियुरप्पांना हा प्रसंग दाखवायला हरकत नव्हती. विमानातून उडी मारायला माणसं मिळतात, आमदार फुटू नयेत म्हणून हैदराबादचं हॉटेल लागतं.

टॅक्सीवाल्या डोपिंदरबद्दल मात्र माझं मत अजून ठरलेलं नाही. दिल्लीत जन्मलेला करण सोनी तो भारी करतो. पण अमेरिकेतला भारतीय म्हटला की हातात स्टिअरिंग आणि मानेत होकार, हे किती वर्षं चालायचं? त्याच्या टॅक्सीत ‘स्वदेस’मधलं ‘यूं ही चला चल’ वाजतं तेव्हा आपला माणूस भेटल्यासारखं वाटतं खरं. सिनेमा गोवारीकरांचा आणि त्यातलं गाव उभं राहिलं वाईजवळच्या मेणवलीत. मेणवलीची वर्णी डेडपूलमध्ये लागली, याचा फलक अजून कुणी लावला कसा नाही?

मरणाची इतकी थट्टा करणाऱ्या या सिनेमात एक मरण खरं आहे. ऑगस्ट २०१७मध्ये व्हँकूव्हरला चित्रीकरण चालू असताना मोटारसायकलच्या अपघातात एक स्टंटकर्ती गेली. सिनेमा तिला अर्पण केलाय. तिचे हातपाय नायकासारखे पुन्हा उगवणारे नव्हते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे हा सिनेमा ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन आला, हिंदीत रणवीर सिंगचा आवाज घेऊन आला आणि कुणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. कशा दुखावतील? डोपिंदर सोडला तर यात आपलं कुणीच नाही. रवी जाधवांच्या ‘न्यूड’मध्ये आहे. पोराच्या शिक्षणासाठी जे. जे.च्या वर्गात चित्रकारांपुढे विवस्त्र बसणारी एक बाई, एवढाच त्याचा अपराध. शिव्या नाहीत की उडणारी मुंडकी नाहीत. नोव्हेंबर २०१७मध्ये गोव्याच्या महोत्सवात इंडियन पॅनोरमाची सुरुवात त्यानं व्हायची होती. माहिती व प्रसारण खात्यानं तो यादीतूनच काढला. पुढे त्याच ‘न्यूड’ला एकही कात्री न लागता प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे काढायचं कारण काय होतं ते खात्यालाच ठाऊक. प्रदर्शित झाला २७ एप्रिल २०१८ला. समोर कोण? ‘इन्फिनिटी वॉर’, थॅनोससकट.

माझा निकाल सांगतो. ‘डेडपूल २’ बघा, हसाल. बंडखोर वगैरे म्हणू नका, तो पगारी वात्रट आहे आणि पगार चोख कमावतो. पण ‘न्यूड’ कुठे बघायला मिळाला, तर आधी तो बघा. डेडपूल नंतरही असेल.