अद्भुत नायक आणि त्यांच्या जुन्या सवयी

विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाच्या ज्ञात नियमांना धरून, किंवा निदान त्यांची परवानगी मागितल्याचा देखावा करून, अद्याप न घडलेल्या गोष्टी सांगणारी कथा. आणि अद्भुतिका म्हणजे अशी कोणतीही परवानगी न मागता चेटकीण, राक्षस व उडता गालिचा यांना थेट ओसरीवर आणून बसवणारी कथा. या दोन्ही प्रकारांतील पात्रे वाचकाला प्रेरणा देतात, असे मानण्याची रीत आहे, आणि ती प्रेरणा त्यांच्या अचाट सामर्थ्यातून मिळते, असेही बहुतेक अभ्यासक गृहीत धरून चालतात. मराठी वाचकाच्या आवडीनिवडी जरा जवळून तपासल्या, तर हे गृहीतक टिकत नाही. मराठी वाचकाला आवडणारा अद्भुत नायक आकाशातून उतरला तरी आपली एखादी जुनी खोड सोबत घेऊन उतरतो, आणि त्याचे सामर्थ्य वाचक चार दिवसांत विसरला, तरी ती खोड त्याच्या कायमची लक्षात राहते.

या विधानाची परीक्षा घेण्यास नाशिकजवळचे देवळाली कॅम्प हे स्थळ अनेक कारणांनी सोयीचे आहे. तेथील कोरड्या, थंड हवेसाठी पारशी, गुजराती व जैन समाजांनी बांधलेल्या आरोग्यधामांत, म्हणजे स्थानिक बोलीतल्या सॅनेटोरियमांत, महिना महिना मुक्कामाला येणाऱ्या मंडळींपाशी फुप्फुसे सुधारण्याखेरीज दुसरे काम नसते, आणि अशा अवस्थेत मनुष्य हाती येईल ते पुस्तक वाचतो. त्याआधी इंग्रजी अमदानीत याच छावणीत नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. जहाजे फक्त थंडीच्या हंगामात सुटत असल्याने ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला काळ पुढे सरकत नाही याचा जो अनुभव येई, त्यापुढे कालयंत्राच्या कथा फिक्या ठरतात. शेजारच्या नाशिकरोडला कागदाच्या नोटा होण्याचा चमत्कार सरकारी पाळ्यांमध्ये नित्य घडत असतो, त्यामुळे या परिसराला अद्भुताची सवय लावून घ्यावी लागलेली नाही. अंजनेरीच्या मारुतीचा समावेश मात्र प्रस्तुत विवेचनात केलेला नाही, कारण तो कथेतील पात्र नसून देव आहे, आणि त्याच्या जन्मस्थानावरून तीन राज्यांत आधीच पुरेसा वाद चालू आहे.

आरंभ विक्रमराजापासून करणे योग्य ठरेल. ‘चांदोबा’ मासिक १९५२ साली मराठीत येऊ लागले, आणि पुढील काही दशके महाराष्ट्रातील मुलांनी खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा हा राजा दर महिन्याला पाहिला. चित्रकार शंकर यांनी काढलेल्या त्या प्रसिद्ध चित्रात राजाच्या हातात तलवार आहे, परंतु कथेत तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. राजाची खरी अडचण अशी की, त्या प्रेतात शिरलेल्या वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. मूळ ‘वेताळपंचविशी’त हा प्रकार पंचवीस कथांत आटोपतो, ‘चांदोबा’च्या लेखकांनी मात्र त्याच साच्यात नव्या कथा घालून राजाला वर्षानुवर्षे चालवले. उत्तर ठाऊक असताना तोंड मिटून बसणे ज्याला जमत नाही, असा गृहस्थ मराठी घरांत क्वचितच परका वाटतो, आणि त्या गृहस्थाला राजमुकुट चढवलेला पाहून वाचकाला जे समाधान लाभते, त्यालाच सभ्य भाषेत प्रेरणा म्हणतात.

या परंपरेचा कळस मात्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथांत आढळतो. त्यांचा या क्षेत्रातील प्रवेशही अद्भुतिकेला साजेसा होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, ज्याची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने येतात. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. पाश्चात्त्य चित्रकथांतील महानायक ओळख लपवण्यासाठी मुखवटा आणि झगा वापरतात, तर येथे जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाने एक साधे आडनाव आणि सहधर्मचारिणीचे अक्षर एवढ्यावर काम भागवले आणि बक्षीसही मिळवले. काटकसरीचे हे उदाहरण विज्ञानकथेच्या इतिहासात निश्चितच दुर्मिळ असावे.

त्यांच्या पात्रांत सर्वाधिक प्रेरक कोण, या प्रश्नावर मतभेदास वाव असला, तरी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांचा हक्क प्रथम विचारात घ्यावा लागतो. इतिहासाचे हे प्राध्यापक पुण्यात एका ट्रकची धडक बसून समांतर विश्वात पोचतात. समांतर विश्व म्हणजे आपल्या विश्वाच्या शेजारी असलेले, परंतु एखाद्या निर्णायक क्षणी वेगळी वाट धरलेले दुसरे विश्व. तेथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी निसटती जाते, मराठे जिंकतात आणि पुढचा सारा इतिहास बदलतो. गंगाधरपंत डेक्कन क्वीनहून वेगवान अशा ‘जिजामाता एक्सप्रेस’ने मुंबईला जातात, तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू असलेला पाहतात, स्वतःचाच इतिहासग्रंथ ग्रंथालयात बसून वाचतात आणि शेवटच्या खंडातला इतिहास नेमका कोठे फिरला ते शोधून काढतात. येथपर्यंत कोणत्याही देशातील कोणताही नायक हेच करता.

पुढे जे घडते, ते मात्र केवळ मराठी नायकाच्याच हातून घडू शकते. आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू आहे, व्यासपीठावर वक्ता बोलतो आहे आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. आपल्या विश्वात नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना परके विश्व, अनिश्चित भवितव्य आणि स्वतःच्या अस्तित्वाचा न सुटलेला प्रश्न हे सारे सहन होते, परंतु रिकामी अध्यक्षीय खुर्ची सहन होत नाही. ते जाऊन तिच्यावर बसतात. त्या विश्वातील श्रोत्यांनी लांबलचक अध्यक्षीय भाषणांची प्रथा केव्हाच मोडीत काढलेली असल्यामुळे अंडी आणि टोमॅटो यांचा वर्षाव सुरू होतो, तरीही पंत बोलतच राहतात. पुढे त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे या साऱ्याचा उलगडा कॅटॅस्ट्रॉफी थिअरीच्या, म्हणजे लहानशा कारणाने एखादी व्यवस्था एका स्थितीतून एकदम दुसऱ्या स्थितीत कशी उडी घेते ते सांगणाऱ्या गणिती सिद्धांताच्या, आधारे करतात. तो उलगडा विद्वत्तापूर्ण आहे. परंतु वाचकाला पंतांची थोरवी पटते ती टोमॅटोच्या माऱ्यात, कारण विश्व बदलले तरी माणूस बदलत नाही, हा निसर्गनियम राजेंद्राच्या समीकरणांपेक्षा त्या टोमॅटोंनी अधिक चोख सिद्ध केलेला असतो.

या कथेला वास्तवाने जोडलेले परिशिष्ट नाशिककरांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले. चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकमध्ये आडगाव येथे भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी नारळीकर यांची निवड झाली. परंतु प्रकृतीच्या कारणाने ते संमेलनाला येऊ शकले नाहीत. अध्यक्षाची खुर्ची आणि गंगाधरपंतांचे जनक एकाच शहरात येण्याचा योग अशा रीतीने हुकला. महाराष्ट्रात, विशेषतः संमेलनाच्या मांडवात, रिकाम्या खुर्चीकडे पाहून मनात काहीच न येणारे साहित्यिक फार नसावेत. तरीही कोणी समांतर विश्वातून येऊन तिच्यावर बसल्याची नोंद नाही. कॅम्पातून आडगाव शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला पडते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

अद्भुतिकेच्या क्षेत्रात हाच नियम खलपात्रांनाही लागू पडतो, किंबहुना खलपात्रांना अधिक लागू पडतो. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण रंगभूमीवर प्रथम दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली आणि अनेक वर्षांनी, २०१८ मधल्या नव्या प्रयोगात, वैभव मांगले यांनी. तिला पाहायला आलेली मुले आधी घाबरतात आणि मग तिचीच नक्कल करीत घरी जातात. राजकन्येची नक्कल करणारे मूल शोधावे लागेल. चेटकिणीचे मोठे बळ म्हणजे तिला स्वतःविषयी वाटणारे अमर्याद कौतुक, आणि कौतुकासाठी दुसऱ्यावर अवलंबून न राहण्याचा हा धडा शाळेत कोणी शिकवत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा तर देहान्तर केलेला गुंड आहे. देहान्तर म्हणजे एका देहातील जीव मंत्राने दुसऱ्या ठिकाणी जाणे. तात्याच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. मूळ कल्पना अमेरिकन चित्रपटातली असली, तरी ‘तात्या’ हे नाव मिळताच तो भूत न राहता कोणाच्या तरी चुलत्याच्या नात्याने घरात शिरला. उंची गुडघ्याएवढी उरली, हातपाय कापसाचे झाले, तरी गुंडगिरीचा व्यवसाय एक दिवसही बंद न ठेवणारा हा इसम नैतिकदृष्ट्या निंद्य असला, तरी चिकाटीच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. कोठारे यांच्याच ‘धडाकेबाज’ (१९९०) मधील मुखवटाधारी कवट्या महांकाळ सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या नावाची आठवण करून देतो, यातही हीच घरगुती सोय दिसते.

परदेशी पात्रे मराठी वाचकाने स्वीकारली, तीही याच कसोटीवर. टोल्किन यांचा बिल्बो बॅगिन्स (१९३७) ड्रॅगनच्या गुहेकडे निघताना हातरुमाल घरी विसरतो आणि त्याची रुखरुख बाळगत राहतो. सॅनेटोरियमात आल्यावर पहिल्या दिवशी घरी विसरलेल्या वस्तूंची यादी करणाऱ्या पाहुण्यास हा जीव परका वाटण्याचे कारण नाही. हॅरी पॉटरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्या कॅम्पात १९२५ पासून निवासी इंग्रजी शाळा चालू आहे, तेथे रेल्वेने येऊन वसतिगृहात राहणारा, सुट्टीत घरी जायला नाखूश असलेला मुलगा हा अद्भुताचा विषयच ठरत नाही.

नाशिकच्या मातीतील अद्भुताचा विचार दादासाहेब फाळके यांच्यावाचून अपुरा राहील. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. भस्मासुर हा तंत्रज्ञानाविषयीच्या आधुनिक विज्ञानकथांचा आद्य नायक मानावयास हरकत नाही, कारण आपल्या हाती आलेले साधन चालते की नाही हे पाहण्याची त्याची घाई आजच्या कोणत्याही नवसंशोधकाला लाजवील अशी आहे. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्या चित्रपटापुरता रावणाने नेमके कोणाला पळवले, हा प्रश्न प्रेक्षकांनी विचारला नाही, आणि अद्भुतिकेच्या वाचकाला लागणारी श्रद्धा म्हणतात ती हीच.

देवळालीचे स्वतःचे म्हणावे असे नायक मात्र एका फ्रेंच लेखकाकडून उसने घ्यावे लागतात. कॅम्पात भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे आणि सरावाच्या दिवशी तोफांचे आवाज घरांच्या तावदानांपर्यंत पोचतात, पण येथील गृहिणी त्या आवाजाला दचकण्याऐवजी त्यावरून वेळ ओळखण्याची शक्यता अधिक. ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीचे नायक तोफखान्याचेच लोक आहेत. भा. रा. भागवत यांनी ‘चंद्रावर स्वारी’ या नावाने व्हर्नचा हा चंद्र मराठी मुलांच्या हाती दिला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोरच्या गन क्लबचे सभासद, म्हणजे तोफा घडवणारे आणि त्यापायी हातपाय गमावलेले गृहस्थ, शांततेमुळे अत्यंत दुःखी झालेले आहेत. निवृत्तीनंतर काय करावे, हा प्रश्न सैनिकी वसाहतीत राहणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. बहुतेक जण बागकाम, ब्रिज किंवा गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद यांपैकी एक पत्करतात. अध्यक्ष बार्बिकेन यांनी नऊशे फूट लांबीची तोफ ओतून चंद्रावर गोळा डागण्याचे ठरवले.

या तोफेच्या यशासाठी गोळ्याला मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास लागणारा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग, तोफेच्या तोंडापर्यंतच मिळायला हवा. एवढ्या अंतरात तो मिळवायचा तर आतील प्रवाशांवर गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक जोर येईल, आणि मग चंद्रावर प्रवासी न पोचता त्यांचा केवळ पातळ थर पोचेल. व्हर्नने पाण्याच्या गादीची सोय करून हा प्रश्न मिटवला, आणि ज्याला पाणी लवचीक असते असे वाटते, त्याने ती गादी अवश्य वापरून पाहावी.

क्लबाचे चिटणीस जे. टी. मॅस्टन यांच्या एका हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे आणि कवटीचा काही भाग गटापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या एका चिकाचा, आहे. गणितात आपल्या तोडीचा कोणी नाही, ही त्यांची श्रद्धा. १८८९ सालच्या उत्तरभागात क्लबाने उत्तर ध्रुव विकत घेऊन त्याखालचा कोळसा काढण्यासाठी बर्फ वितळवायचे ठरवले, आणि त्याकरिता किलिमांजारोच्या कुशीतून प्रचंड तोफ उडवून पृथ्वीचा आसच फिरवण्याची योजना आखली. हिशेब मॅस्टन यांच्याकडे. साऱ्या जगात घबराट उडाली; तोफ उडालीही; आणि काहीच झाले नाही, कारण हिशेब करायला बसले असता श्रीमती इव्हँजेलिना स्कॉर्बिट या त्यांच्या चाहत्या विधवेचा दूरध्वनी आला, त्याच वेळी वीज कोसळली, आणि पृथ्वीच्या परिघातून तीन शून्ये गळाली. पृथ्वीवरचे सर्व समुद्र, शहरे, बंदरे आणि अर्थातच देवळाली या तीन शून्यांमुळे जागच्या जागी राहिली. मॅस्टन यांनी यापुढे आयुष्यात हिशेब न करण्याची शपथ घेतली आणि श्रीमती स्कॉर्बिट यांच्याशी विवाह केला. गंगाधरपंतांनीही परतल्यावर यापुढे सभांचे अध्यक्षपद न घेण्याचे ठरवले, परंतु पंतांना तो निश्चय पाळणे कितपत जमले असेल, याविषयी कोणत्याही विश्वातील मराठी वाचकाने शंका घ्यावी.