घोडं पेंड खातं ते बुटापाशी

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा एक अलिखित कायदा आहे. गाणाऱ्यानं उभ्या आयुष्यात गाय वळलेली नसली तरी चालेल, पण पायात गुराख्याचे बूट हवेतच. गायक ते घालतो, फिडलवाला घालतो, ढोलांच्या ढिगामागे बसलेला ड्रमवाला, ज्याचे पाय त्याच्या बायकोलाही दिसत नाहीत, तोही घालतो. कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच माणसाचं. तो रंगमंचाच्या कडेला, इस्त्रीच्या टेबलासारख्या दिसणाऱ्या वाद्यापुढं खाली मान घालून बसलेला असतो. ड्रमवाल्याचा पाय चुकला तर ठोका चुकतो. याचा चुकला तर सूर जातो, आणि सूर गेला की गायक मागं वळून बघतो.

हे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. दहा तारा, त्यांवरून फिरणारा पोलादी दांडा डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. इथवर माणसाचं काम. खाली मात्र खेकड्याचं काम सुरू होतं. डावं पाऊल तीन पेडलांवर, उजवं व्हॉल्यूमच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. गुडघा डावीकडे नेला की एक बदल, उजवीकडे नेला की दुसरा, वर उचलला की तिसरा. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये रुळलेल्या ई-नाइन या जुळणीत पहिलं पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार पूर्ण स्वरानं चढते. दुसऱ्यानं तिसरी आणि सहावी अर्ध्या स्वरानं चढते. गंमत अशी की ही दोन्ही पेडलं एकाच पावलानं दाबायची, मग घोटा कलवून एक हळूच सोडायचं आणि दुसरं धरून ठेवायचं. आपल्याकडे मींड बोटातून निघते. इथं ती घोट्यातून निघते.

या भानगडीचं मूळ शोधायचं तर 1954 साल गाठावं लागतं. कंट्री गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' हे गाणं गाजलं, आणि त्यात स्टीलवाल्या बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर ओढला. ऐकणारे वेडे झाले, वाजवणारे त्याहून वेडे झाले. आयझॅक्सच्या एका पेडलवर दोन्ही बदल एकदम होत असत, म्हणजे पायाला अक्कल लागत नव्हती. पुढं बडी एमन्स आणि जिमी डे या वादकांनी ते बदल दोन पेडलांवर वाटून टाकले. संगीत समृद्ध झालं, आणि स्टीलवाल्याचं पाऊल दोन घरचा पाहुणा झालं. एमन्स हा या वाद्याचा थोर माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण चपला-बुटांच्या बाबतीत सगळे शिव्याशाप त्याच्याच खात्यावर टाकायला हवेत.

आता त्या गुराख्याच्या बुटाकडं नीट बघा. टाच दीड-दोन इंच उंच, कारण पाय रिकिबीतून पलीकडं सरकू नये. नळी ताठ, पोटरीपर्यंत आलेली, कारण झाडंझुडपं ओरबाडू नयेत. घोडा असेल तर हे सगळं शहाणपणाचं आहे. स्टीलवाल्याकडे घोडा नाही. त्याच्याकडं घोटा आहे, आणि तोच नळीत जखडून ठेवलाय. शिवाय टाच उंच झाली की गुडघा वर येतो. डाव्या गुडघ्याच्या वरची उभी लिव्हर गुडघा उचलून दाबायची असते, ती न उचलताच दाबली जाते. मग बिचारा ऐन विरहाच्या ओळीत तार उतरवून बसतो. विरह खरा वाटतो, एवढाच काय तो फायदा. उजव्या पायाची कथा वेगळी नाही. स्टीलचा सूर विझत जातो तसं व्हॉल्यूमचं पेडल थोडं थोडं पुढं दाबत त्याला जागं ठेवायचं असतं. उंच टाचेनं पाऊल आधीच उतारावर असेल, तर ते मागं घ्यायला घोट्यात जागाच उरत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. उपाय फार आहेत, हीच अडचण. बूटपंथी म्हणतात, निमुळतं टोक एका वेळी एकाच पेडलवर बसतं आणि चामड्याचा तळवा पेडलावरून छान सरकतो. मुद्दा खोटा नाही, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. धावण्याचे बूट घालणारे आरामाचं तत्त्वज्ञान सांगतात. पण त्या बुटांचा रबरी तळवा बाहेर इतका पसरलेला असतो की पहिलं पेडल दाबायला जावं आणि शेजारच्यालाही आमंत्रण जावं, शिवाय रबर जिथं टेकेल तिथंच ठाण मांडतं. मोजेपंथी घरी सगळ्यात सुखी. पायाला पेडल कळतं, पेडलला पाय कळतो. पण मोज्यांवर बारमध्ये वाजवायचं म्हणजे सांडलेल्या बिअरशीही नातं जोडणं आलं. शेवटी उरतात पातळ चामडी तळव्याचे, सपाट, साधे बूट. सगळे शहाणे हळूच तेच वापरतात, आणि मिरवण्यासारखं त्यात काही नसल्यामुळं त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मिरवण्यावरून आठवलं. 1969 साली 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर फ्लाइंग बुरीटो ब्रदर्स हा बँड उभा राहिला, तो नुडी कोहन या शिंप्याच्या झगमगत्या सुटांत. स्टील वाजवणारा स्नीकी पीट क्लाइनो होता, त्याच्या वाट्याला छातीवर टेरोडॅक्टिल, म्हणजे डायनोसोरच्या काळातला उडता प्राणी आला. गुराखी आणि डायनोसोर यांचा काळ एक नव्हता, अशी शंका कुणी काढली नाही. ती काढायचीच नसते. पोशाख एकदा परंपरा म्हणून खपला की त्याला इतिहास विचारणं असभ्यपणाचं असतं, हे आपल्याला फेटा आणि नऊवारीच्या हंगामात चांगलंच कळतं.

आपल्याकडं हा प्रश्न मुळातच निकालात निघाला, कारण बैठकीवर चढायचं तर वहाणा खाली. हवाईची आडवी गिटार आपल्याकडं आली, व्हॅन शिपलीनं ती मुंबईच्या सिनेमात वाजवली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग उभे केले. पण पेडलं आम्ही तिला लावली नाहीत. पायानं वाजवायचं ठरवलं तेव्हा संगीत नाटकात पायपेटी आणली, आणि तिला भात्यापुरतंच पायाशी ठेवलं. आमच्या कलावंताची पादत्राणाची चिंता मैफल संपल्यावर सुरू होते, वहाण जागेवर आहे की नाही ही.

नॅशव्हिलला मात्र चिंता आधीची, आणि बाजार तिच्या पाठीशी. तिथल्या ब्रॉडवेवर बुटांची दुकानं आणि गाण्याचे बार खांद्याला खांदा लावून उभे आहेत. 416 क्रमांकाच्या इमारतीत एके काळी शो-बडचा कारभार होता. एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी मिळून सुरू केलेली ही कंपनी पेडल स्टील बनवायची. शो-बड गेली आणि पुढं तिथं कपड्यांचं आणि बुटांचं दुकान निघालं. त्यानंतर तिथंच गाण्याचा बार झाला, रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड. बूट अजून भिंतीवर मांडलेले आहेत, त्यांच्या साक्षीनं रोज कंट्री वाजतं. वाद्याची जागा बुटांनी घेतली आणि मग बुटांनी वाद्याला भाड्यानं ठेवून घेतलं, असा त्या इमारतीचा थोडक्यात ताळेबंद.

तेव्हा वाचकांपैकी कुणी, म्हणजे न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या गणेशोत्सव मंडळातला एखादा धाडसी, हे वाद्य घ्यायला निघालाच असेल, तर त्याला एकच विनंती. ज्या बुटांत वाजवणार तेच घालून दुकानात जा. खुर्चीवर बसा, पाय पेडलांवर ठेवा आणि लिव्हर गुडघ्याला बरोबर लागतात का ते बघून तिथल्या तिथं जुळवून घ्या. जुळवून झाल्यावर ते बूट बदलू नका, बायकोनं वाढदिवसाला उंच टाचेचे आणले तरी. ते पाहुण्यांना दाखवा.