राजाला भेटण्यापूर्वी गुडघ्यांना विचारा

लक्सरला, नाईलच्या पश्चिम काठावरच्या राजांच्या खोऱ्यात साठाहून जास्त कबरी आहेत आणि साध्या तिकिटात त्यातल्या तीनच बघायला मिळतात. कोणत्या तीन, यावरून गटात ताबडतोब दोन तट पडतात. एक तट इतिहास वाचून आलेला असतो, दुसऱ्याचे गुडघे दुखत असतात. माझं मत विचाराल, तर निर्णय दुसऱ्या तटावर सोपवावा.

आता थुतमोस तिसरा घ्या. मोठा पराक्रमी राजा, पण कबर खोदली ती उंच डोंगराच्या कपारीत. आधी लोखंडी जिना चढायचा, धापा टाकत दारात पोचायचं आणि मग पुन्हा खाली उतरायचं. तळघरात भिंतींवर काडीपैलवान देवांच्या रांगाच रांगा. दृश्य खरोखर बघण्याजोगं आहे, पण यजमान घरी नसतात. त्यांची ममी कैरोत. परतीच्या पायऱ्यांवर हे फार जाणवतं. त्यामानाने चौथा रामसेस भला माणूस. प्रवेशाजवळच कबर, रुंद वाट, सोपा उतार.

तुतानखामुनचं तिकीट वेगळं काढावं लागतं. नाव सगळ्यांत मोठं, जागा त्यामानाने अगदी आटोपशीर. खजिना गिझाच्या नव्या संग्रहालयात गेला. राजा मात्र काचेच्या पेटीत तिथेच आहे. बाकीचे नामांकित फारो शहरात राहायला गेले, मूळ घर सांभाळायला हा धाकटा मागे राहिला.

पहाटे सहाला दार उघडतं, तेव्हाच हजर व्हा. उशीर केलात, तर बाहेर रणरणतं ऊन आणि आत शेकडो पर्यटकांच्या घामाची वाफ, अशी दुहेरी सोय आहे. शिवाय कबरीत भाषण द्यायला गाइडला मनाई असल्यामुळे तो सगळा इतिहास बाहेर उन्हात उभं करून ऐकवतो. मधल्या काळात सावलीचा तुकडा पकडून ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी. आत पहारेकरी प्रेमाने पुठ्ठ्याचा तुकडा हातात देतो, वारा घ्यायला. तो पुठ्ठा फुकट नसतो.

तिसऱ्या रामसेसची कबर चुकवू नका. सिव्हिल इंजिनीअर सोबत असेल तर मुळीच नाही. ती सुरू केली त्याच्या वडिलांनी, सेतनख्तने. मजूर खोदत खोदत निघाले ते थेट शेजारच्या आमेनमेसे राजाच्या कबरीत घुसले! काम थांबलं. पुढे मुलाने तीच जागा घेतली, बोगदा उजवीकडे सरकवला आणि खोदकाम पुढे रेटलं. ही वळणाची जागा आजही स्पष्ट दिसते. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनीअरांनी भिंतीला हात न लावता, मागे हात बांधून तिची पाच मिनिटं पाहणी केली आणि एवढंच विचारलं, "नकाशा पास कुणी केला होता?"

या कबरी खोदणारे कारागीर देर अल-मदिना नावाच्या वस्तीत राहत. दुसऱ्या रामसेसच्या काळचं त्यांचं हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं त्यात व्यवस्थित लिहिली आहेत : अमक्याला विंचू चावला, तमका बिअर गाळतोय. माझ्या नोकरीच्या काळात इतका प्रामाणिक रजेचा अर्ज टेबलावर कधी आला नाही. तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, पगाराचं धान्य थकलं तेव्हा हेच लोक हत्यारं खाली ठेवून देवळामागे जाऊन बसले. नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणून तो सांगितला जातो. तेव्हा पहारेकऱ्याची बक्षिसी थकवू नका, या खोऱ्यात सुट्या नोटा वरच्या खिशात ठेवा. मोठी नोट काढलीत, तर सुटे कुणाकडेच नसतात.