मालकाचा रकाना वगळून

वडोदरा महानगरपालिकेच्या माननीय कारभाऱ्यांस,


आपण ज्या इमारतीत बसून शहराचा कारभार हाकता, त्या खंडेराव मार्केटचे श्वानस्नेही हेरिटेज हॉटेल करावे, अशी आमची जाहीर विनंती आहे. दचकू नये. कुत्र्याला घेऊन सहलीला निघणाऱ्या कुटुंबांना हल्ली जुने वाडे, कोठ्या आणि राजवाडे आवर्जून बोलावतात, आणि दारावर ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी लागली की खोलीचा दरही चढतो. गुजरात सरकारच्या २०२०च्या हेरिटेज पर्यटन धोरणाने १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंचे हॉटेल करायला वाव दिला. सयाजीराव महाराजांनी हे मार्केट १९०६ साली बांधले आणि आपल्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे झाल्यानिमित्त नगरपालिकेला देऊन टाकले, तेव्हा वयाची अट केव्हाच पुरी झाली आहे. दर्शनी बाजू राजवाड्याला लाजवील अशी, आणि मागे भाजी, फळे, फुले हाताशी. आचाऱ्याला वेगळी बाजारहाट नको. ज्यांचे नाव या वास्तूला आहे ते खंडेराव महाराज प्राणिपक्ष्यांच्या बाबतीत किती हौशी होते, हे त्यांनी थाटामाटात लावलेल्या कबुतरांच्या लग्नाची हकिगत ऐकलेल्यांना सांगायला नको. शिवाय खंडेराव म्हणजे जेजुरीचाही राजा, आणि त्याच्या पायाशी कुत्रा असतोच. एवढी पूर्वतयारी आयती असताना तिथे नुसत्या फायली ठेवणे बरे दिसत नाही.

मात्र आमच्या प्रस्तावात एक अट आहे आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. श्वानस्नेही म्हणवणाऱ्या हॉटेलांत कुत्र्याची पारख होते असा समज आहे, पण तिथे पारखला जातो तो मालक. लसीचा दाखला त्याने आणायचा, साफसफाईचे जादा पैसे त्याने भरायचे, कुत्रा भुंकला तर शेजारच्या खोलीची माफी त्याने मागायची. स्नेह आहे, पण तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी. शंका असेल तर रेल्वेचा नियम पाहावा. मालकाने फर्स्ट एसीचा अख्खा कूपे राखला तर कुत्रा त्याच्या शेजारी बसून प्रवास करतो. तेवढी ऐपत नसेल तर तोच कुत्रा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत जातो आणि त्याची नोंद सामानासारखी होते. मधल्या स्लीपरमध्ये किंवा थ्री-टियरमध्ये त्याला जागाच नाही. कुत्र्याची जात तीच, वजन तेच, भुंकणेही तेच. बदलले फक्त धन्याचे तिकीट.

ही रीत आजची नाही. सातारच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याने शिकारीत वाघाची चाहूल देऊन धन्याचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा तर जरीची वस्त्रे व दागिने घालून त्याच्या डोक्यावर स्वतःचे पागोटे चढवले, असे इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याचे इमान खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण तसेच इमान गावाच्या वेशीवर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्यांनी शेकडो वर्षे दाखवले, त्यांतल्या कुणाच्या नावाने सनद निघाली नाही. त्यांनी ज्यांना वाचवले त्यांच्या हाती शिक्का नव्हता. इकडे सौराष्ट्रात जुनागढच्या शेवटच्या नवाबाने शेकडो कुत्री बाळगली, आपल्या लाडक्या कुत्रीचे लग्न लावले, आणि १९४७ साली संस्थान सोडून पाकिस्तानात जाताना कुत्र्यांना बरोबर नेल्याचे सांगतात. प्रजा मागे राहिली. नवाबाचे श्वानप्रेम म्हणून आपण हसतो, पण आजच्या वाडा-हॉटेलात पलंगाशेजारी कुत्र्याची गादी घालतात तेव्हा विकली जाते ती हीच जुनी दरबारी कल्पना. फरक इतकाच की नवाबी आता एका रात्रीपुरती भाड्याने मिळते.

यावर कुणी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाकडे बोट दाखवील. १९०३ सालच्या त्या हॉटेलाच्या दारापाशी भटका कुत्रा निवांत झोपू शकतो, कारण रतन टाटांची तशी इच्छा होती, ही गोष्ट २०२४ मध्ये पुष्कळांनी वाचली. त्यांच्याच समूहाच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसमध्ये, २०१८च्या नूतनीकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास जागा केली गेली. गोष्ट चांगलीच आहे. पट्टा नसलेल्या कुत्र्याला हॉटेलाने जागा दिली, असे दुसरे नामवंत उदाहरण चटकन आठवत नाही. तरीही तिथेदेखील मर्जी कुणाची होती हे विसरून चालत नाही. बेवारशी कुत्र्याला वारस मिळाला तो थेट संस्थेचा मालक! असे भाग्य किती दारांशी उजाडणार?

म्हणून आमची नजर आपल्या दाराकडे वळते, कारण त्याला मालकच नाही. ते सगळ्या शहराचे आहे. मार्केटच्या आसपास वावरणाऱ्या कुत्र्यांना तिथे राहायचा हक्क आहे का, असे विचाराल तर २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम पाहावेत. पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा, असे ते सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा-महाविद्यालये, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांना या सोयीतून वगळले आणि तिथली कुत्री निवाऱ्यात न्यायला सांगितले. त्या यादीत भाजीबाजार नाही, पालिकेची कचेरीही नाही. म्हणजे मार्केटातल्या कुत्र्याला कायद्याने जे आरक्षण दिले आहे ते कोणतेही पंचतारांकित हॉटेल देत नाही: जाण्याची तारीख नाही आणि बिलही नाही. आपल्याला फक्त व्यवस्थापन पाहायचे आहे, म्हणजे लस, नसबंदी, आणि प्रभागात ठरवून दिलेली खाण्याची जागा. ते काम आजही आपलेच आहे. हॉटेल म्हटले की निदान वेळेवर तरी होईल, अशी आशा.

आक्षेप येतील. पहिला चावण्याचा, आणि तो थट्टेवारी न्यायचा नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या घरातले मूल असे गेले त्या घरापुढे श्वानप्रेमाची भाषा करणे निर्दयपणाचे आहे. पण कुत्रा चावतो तेव्हा त्याला मालक आहे की नाही हे विषाणू पाहत नाही. परिसरातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते, हे आरोग्यशास्त्र फार दिवसांपासून सांगत आहे. नुसते मारून वा उचलून काय होते ते मुंबईने १८३२ साली पाहिले. कुत्री मारणाऱ्या शिपायांविरुद्ध पारशी समाज उठला, दुकाने बंद पडली, गोऱ्यांची रसद अडली. आणि कुत्री काही संपली नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: माणसांना छप्पर नाही तिथे कुत्र्यांचे लाड कसले? आमचे म्हणणे उलट आहे. तू कोणाचा, हा प्रश्न कुत्र्याला विचारणारी यंत्रणा माणसालाही तोच विचारते. २०१४च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे विक्रीचे प्रमाणपत्र हातात नसलेल्या भाजीवालीची हातगाडी दबाण (अतिक्रमण) शाखेच्या गाडीत चढते, तेव्हा तिच्या टोमॅटोंचा ताजेपणा कुणी पाहत नाही. बंद दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या हमालाला हॉटेलच्या काउंटरवर आधी ओळखपत्र मागतात, झोप नंतर. कुत्र्याचा प्रश्न सुटला म्हणून माणसाचा सुटेल असे नाही, पण दोघांना दारातून परतवणारे कारण एकच आहे, त्यामुळे एकाच्या नावावर दुसऱ्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप कचेरी कुठे हलवायची हा. तो आपल्या सोयीचा आहे, आपणच सोडवावा. वर्दी देणाऱ्यांसाठी एक खिडकी ठेवली तरी आमची हरकत नाही.

अट एवढीच: नोंदवहीत नाव, रंग, लसीची तारीख हे रकाने जरूर असावेत, ‘मालकाचे नाव’ हा रकाना छापू नये. छापून झालाच असेल तर जुने कागद संपेपर्यंत तिथे ‘वडोदरा’ असे लिहावे.



आपल्या शहराचा एक करदाता