पंचावन्ने

एकबोटे, सातपुते, दशपुत्रे, सहस्रबुद्धे अशी आकडेवाली आडनावं मराठीत पूर्वापार आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत एकाची भर पडली आहे: पंचावन्ने. हे आडनाव जन्माने मिळत नाही, व्याख्यानाने मिळतं. बँकेतून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, नाहीतर होऊ घातलेले एक गृहस्थ मेव्हण्याच्या आग्रहाखातर एखाद्या नाट्यगृहात जाऊन बसतात, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं भाषण ऐकतात आणि बाहेर येतात ते पंचावन्ने होऊनच. नाट्यगृहाच्या कँटीनमधला बटाटावडा अर्थात भाषणाच्या आधीच खाऊन झालेला असतो.

नियम सोपा. कडकडून भूक लागते त्या दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. शिवाय रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. संपलं. चातुर्मासाचे नियम लिहायला जिथे वेगळी वही घालावी लागते, त्या समाजात चार ओळींत मावणारा धर्म पसरला नसता तरच नवल. पंचावन्ने तो समोरच्याने विचारण्याची वाट न बघता सांगतात. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, इथून ते सुरुवात करतात आणि जिचकारांच्या पदव्या मोजतात. हा आकडा दर वेळी एकदोनाने वाढतो. मग इन्शुलिन येतं. तोंडात काहीही पडलं, अगदी एक शेंगदाणा पडला तरी इन्शुलिन धावत येतं, हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की ऐकणाऱ्याने हातातला शेंगदाणा गुपचूप खिशात टाकावा.

गंमत अशी, की पंचावन्ने होण्यापूर्वी या माणसाचं खाण्याकडे लक्षच नसे. पेपर वाचता वाचता पोहे, फाइल चाळता चाळता डबा, बातम्या बघता बघता पोळी-भाजी. आज भाजी कसली होती, असं विचारलं तर ‘हिरवी’ म्हणून सांगणाऱ्यांपैकी हे. आता त्यांना डोळे उघडल्यापासून ठाऊक असतं की साडेबाराला काय आहे. दहाला ते स्वयंपाकघराच्या दाराशी उगाच रेंगाळतात. अकराला फोडणीचा वास आला की हिंग कमी पडल्याचं तिथूनच ओळखतात. पावणेबाराला कुकरच्या शिट्ट्या मोजतात. खाणं दोन वेळांवर आणलेला हा माणूस उरलेले बावीस तास खाण्यातच असतो, असं माझं निरीक्षण आहे आणि त्याला त्यांच्या घरच्यांचं अनुमोदन आहे.

साडेबाराचं ते पान एकदा प्रत्यक्ष बघावं. नियमात किती वेळा आणि किती वेळात एवढंच आहे. पोट भरेपर्यंत जेवायला हरकत नाही, हे वाक्य पंचावन्नेंनी वहीत दोनदा अधोरेखित केलेलं आहे. त्यामुळे पूर्वी दिवसभरात पाच-सहा हप्त्यांत पोटात जाणारा ऐवज आता एकरकमी जातो. टेबलावर डावीकडे सकाळचे पोहे, झाकण घालून राखलेले. मोड आलेली मटकी, काकडी, टोमॅटो. दोन उकडलेली अंडी. मधोमध मुख्य ताट: पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. उजवीकडे चारच्या चहाबरोबर खायचे ते शंकरपाळे, कारण चारला ते खाता येणार नाहीत. शेजारून कालच आलेली नारळाची वडी. संध्याकाळचं म्हणून एक केळं. आणि पार कोपऱ्यात, बशी झाकून ठेवलेला, दूध-साखर घातलेला एक कप चहा. जेवणात चालतो तो.

पहिला घास साडेबाराच्या ठोक्याला. मोबाइलवर दोन गजर लावलेले: एक पंचेचाळीसाव्या मिनिटाचा, दुसरा शेवटचा. पहिली चाळीस मिनिटं सगळं शांतपणे चालतं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा हे कुठेतरी वाचलेलं असतं, तेही पाळलं जातं. मध्येच एखादी राजकीय चर्चासुद्धा होते. पहिला गजर वाजतो आणि घरात धावपळ उडते. आमटीची वाटी थेट तोंडाला लागते. बत्तीसाचे आठ होतात, आठाचे दोन. बरोबर बावन्नाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पेढे घेऊन उभे असतात. मुलगा सीए झालेला असतो. पंचावन्ने दार उघडतात, पेढा घेतात आणि अभिनंदन म्हणण्याच्या आधी तो तोंडात टाकतात. पाहुण्याला वाटतं, काय हा आनंद! तो बिचारा मुलाने रात्ररात्र जागून कसा अभ्यास केला ते सांगू लागतो, तर पंचावन्नेंची नजर मनगटाकडे. शेवटी दार लावून घेईपर्यंत चोपन्न झालेली असतात. शंकरपाळ्यांची वाटी उभ्या उभ्या रिकामी होते, चहा घशाखाली ओतला जातो, दुसरा गजर चूळ भरताना वाजतो. मग ते खुर्चीत टेकतात, पट्टा सैल करतात आणि म्हणतात, ‘झालं. आता रात्री आठपर्यंत काही नाही हं मला.’

वहिनींना मी एकदा विचारलं, ‘तुम्हीही हेच करता का?’ त्या म्हणाल्या, ‘मी लग्न झाल्यापासून दोनदाच जेवते. दुपारी तुमचं सगळ्यांचं झाल्यावर दोनला आणि रात्री ओटा पुसून झाला की. पंचावन्न मिनिटं कुठली मिळायला? पंधरात उरकतं. माझं व्याख्यान नाही कुणी ठेवलं.’ पंचावन्नेंनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘पण तू इन्शुलिन मोजलेलं नाहीस ना.’

त्यांनी मोजलेलं असतं. सकाळच्या मैदानावर चालणाऱ्यांचा जो घोळका असतो, त्यात हल्ली ‘कसे आहात’ असं कुणी विचारत नाही, ‘किती आलं?’ असं विचारतात. म्हणजे एचबीएवनसी, रक्तातल्या साखरेची गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात अंगाला चिकटलेली साखर लपवता येत नाही, ही माहिती पंचावन्ने पोलीस तपासाच्या थाटात सांगतात. 6.5 किंवा त्यावर आलं की मधुमेह; 5.7च्या खाली राहिलं की सुटलात. मधले सगळे वेटिंग लिस्टवर. पोरांचे टक्के, पगाराचा आकडा, फ्लॅटचे चौरस फूट असं जन्मभर जास्तीचं कौतुक केलेल्या पिढीला कमी आकडा मिरवायची सोय इथे पहिल्यांदा झाली आहे. पंचावन्ने आपला रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून बरोबर बाळगतात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यालासुद्धा एवढी इज्जत मिळत नाही.

खोटं कशाला बोला, त्यांचं पोट उतरलेलं आहे. पट्ट्याला चांभाराकडून आतल्या बाजूला नवी भोकं पाडून घ्यावी लागली, जुने सदरे खांद्यावरून ओघळतात, जिना चढताना धाप लागत नाही. येता-जाता तोंडात टाकायचा फरसाण बंद झाला, दिवसाला सहा कप साखरेचा चहा बंद झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस रोज चालू लागला. इन्शुलिनचं जे व्हायचं ते होवो, एवढ्यानेही बरंच होत असणार, असं मला आपलं वाटतं. मला खटकतो तो त्यांचा धर्मप्रसार. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलल्या तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हे पंचावन्नेंना माहीत असतं, पण उपदेशाच्या भरात नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं.

या धर्मात पाखंडी म्हणजे दोनतासे. त्यांच्या गुरू ऋजुता दिवेकर. त्यांचं ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ हे पुस्तक 2009 सालचं. थोडं थोडं, दर दोन तासांनी. पोळीवर साजूक तूप. मधल्या वेळी शेंगदाणे नाहीतर केळं. 2018च्या सुमाराला ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद मराठी घरांत असा पेटला होता, की त्यापुढे आमचं नेहमीचं पुणे-मुंबई फिकं पडलं. पंचावन्नेंची सून नेमकी दोनतासी. ती उठल्यावर भिजवलेले बदाम खाते, आठला नाश्ता, दहाला केळं, मग डबा, चारला गूळ-शेंगदाणे. तिच्या प्रत्येक घासाला सासऱ्यांच्या कपाळावर आठी चढते आणि सासऱ्यांच्या साडेबाराच्या ताटाकडे बघून ती नुसतीच हसते. एकाच घरात एक माणूस सारखा खातो, दुसरा सारखा खात नाही, आणि दोघांपायी ओटा काही कोरडा होत नाही. नातू दोन्ही पंथांचा. तो आईबरोबर दर दोन तासांनी खातो आणि आजोबांच्या पंचावन्न मिनिटांतही बसतो.

खरी कसोटी लागते सणासुदीला. सत्यनारायणाचा प्रसाद संध्याकाळी सहाला हातावर पडतो. तो नाकारावा तर साधुवाण्याच्या जावयाचं काय झालं ते कथेत आत्ताच ऐकलेलं, आणि खावा तर इन्शुलिन. पंचावन्नेंनी यावर तोडगा काढला: खिशात मावणारी स्टीलची डबी. शिरा डबीत. कुणाच्या बढतीचा पेढा डबीत. वाढदिवसाच्या केकचा तुकडा डबीत. संक्रांतीला तिळगूळ डबीत, आणि गोड बोलणं तेवढं जागच्या जागी. रात्री आठला ती डबी उघडली की त्या दिवशी गावात कुणाकुणाचं काय काय चांगलं झालं ते सगळं आत सापडतं, एकमेकांना चिकटलेलं. तीर्थाबद्दल मात्र त्यांनी बराच अभ्यास करून एक पळी मान्य केली आहे.

मंगल कार्यालयांबद्दल बोलायलाच नको. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा आणि पंगत दीडची असली, की हा माणूस अक्षता टाकतो त्या नवऱ्यामुलाच्या अंगावर कमी आणि गुरुजींच्या अंगावर जास्त.

परवा मुंबईहून पुण्याला येताना ते माझ्यासमोर बसले होते. गाडी कर्जतला थांबली. इथे घाट चढायला मागून इंजिनं लावतात, आणि ती लागेपर्यंत अख्खी गाडी वडापाव खाते. पंचावन्नेंनी घड्याळ पाहिलं. रात्रीच्या जेवणाची वेळ आठची, पण असा वडा आठपर्यंत वाट बघत नाही. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मला समजावून सांगितला: कर्जत ते लोणावळा पाऊण तास. आत्ता सुरू केलं तर वडाही यात बसतो आणि लोणावळ्याची चिक्कीही. दोन्ही मिळून एक जेवण. मी मान डोलावली. त्यांनी गजर लावला आणि पहिला वडा उचलला. घरचा डबाही उघडला, कारण आता हेच रात्रीचं जेवण. ठाकूरवाडी गेलं, पोळी-भाजी संपली, बोगद्यामागून बोगदे गेले, आणि मंकी हिलच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर माकडं, आत पंचावन्ने, दोघेही अस्वस्थ. दुसरा गजर बोगद्यात वाजला.

लोणावळ्याला खिडकीशी चिक्कीवाला आला. पंचावन्नेंनी पाव किलो घेतली. ‘घरी न्यायला,’ म्हणाले. गाडी सुटल्यावर पुडा हळूच उघडला.

‘काका, वेळ संपली ना?’ शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराने विचारलं. इतका वेळ तो सगळं ऐकत होता.

‘गाडी उभी होती तो वेळ धरायचा नसतो,’ पंचावन्ने म्हणाले. ‘पावसाने मॅच थांबली की घड्याळ थांबतं की नाही?’

‘थांबतं. पण नंतर ओव्हर्स कापतात. डकवर्थ-लुइस लावलं तर तुमच्या वाट्याला अर्धा तुकडा येतो.’

पंचावन्नेंनी त्याच्याकडे बघितलं, तोंडातला दुसरा तुकडा संपवला आणि पुडा त्याच्यापुढे धरला. ‘घे,’ म्हणाले. ‘तुझ्या वयात इन्शुलिनचं काही नसतं.’