जावयाची गाडी

पुण्यात फ्लॅट घेताना माणूस स्वयंपाकघराची दिशा बघतो, पाणी किती तास येतं ते विचारतो, बाल्कनीतून टेकडी दिसते का हेही टाचा उंचावून पाहतो. पार्किंगचं मात्र ‘होईल काहीतरी’ म्हणतो. मग उरलेलं आयुष्य ते काहीतरी होत राहतं.

या विषयात सर्वोच्च न्यायालयालाही लक्ष घालावं लागलं आहे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली न्यायालयाने सांगून टाकलं की, इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. निकाल चांगलाच. तोवर बिल्डरशी एकजुटीने भांडणारे सभासद त्यानंतर आपापसांत भांडायला मोकळे झाले.

आदर्श उपविधींनी यावर तोड सुचवली आहे: जागा कमी आणि गाड्या जास्त असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाका. आमच्याकडे त्या स्टीलच्या डब्यात टाकतात आणि लहान मुलाकडून काढून घेतात. पहिल्या वर्षी सेक्रेटरींच्या नातीने चिठ्ठी काढली आणि गेटजवळची सावलीतली जागा नेमकी आजोबांना लागली. तेव्हापासून मूल शेजारच्या सोसायटीतून मागवतात. खांबाला खेटलेली, वर ड्रेनेजचा पाइप ठिबकणारी सात नंबरची जागा ज्याच्या वाट्याला येते, तो वर्षभर त्या मुलाच्या संस्कारांबद्दल बोलतो.

एवढं करूनही दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणारे लावतातच. एकदा चौकातल्या हवालदारांना विचारलं, येऊन उचलता का? ते म्हणाले, “आतलं आमच्याकडे येत नाही. गाडी बाहेर रस्त्यावर आणा, लगेच उचलतो.” त्यांचंही बरोबर होतं. कायदा सार्वजनिक जागेतली गाडी हटवायला सांगतो. सोसायटीच्या आवारातली भांडणं उपनिबंधकांकडे नाहीतर सहकार न्यायालयात जातात. तिथे तारीख लागेपर्यंत गाडी भंगारात निघते.

म्हणून कमिटीने पिवळाधमक जॅमर आणला. एक कुलूप, एक किल्ली, किल्ली खजिनदारांकडे. या वस्तूची गंमत अशी की, जी गाडी तिथे असू नये म्हणून आपण ओरडतो, ती जॅमरमुळे तिथून हलूच शकत नाही. हे कमिटीच्या लक्षात यायला २०२३चा अधिक श्रावण उजाडावा लागला.

१ ऑगस्टला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जावई धोंड्याच्या जेवणाला आले. वॉचमन म्हणाला, “लावा साहेब, काका चारशिवाय येत नाहीत.” दुसऱ्या मजल्यावरचे काका, निवृत्त मुख्याध्यापक, साडेबाराला आले. आपल्या जागेत परकी गाडी बघून त्यांनी हॉर्न दाबला आणि शाळेच्या घंटेसारखा दाबूनच ठेवला. सेक्रेटरींनी तत्परतेने जॅमर लावला, खजिनदारांनी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून ते सहकुटुंब नरसोबाच्या वाडीला निघून गेले.

काकांना न्याय मिळाला, जागा मिळाली नाही. त्यांनी गाडी बाहेर लावली. आमच्या रस्त्यावर सम-विषम तारखांचं पार्किंग आहे. काल गाड्या या बाजूला होत्या, म्हणजे आज पलीकडे, असा साधा हिशेब काकांनी केला. पण काल एकतीस तारीख होती आणि आज एक. दोन्ही विषम. हयातभर गणित शिकवलेल्या माणसाला टोइंगच्या गाडीने गाठलं ते असं. त्या दिवशी सोसायटीच्या वतीने एकच गाडी उचलली गेली आणि ती तक्रारदाराची होती.

आरडाओरडा ऐकून जावई हात पुसत खाली आले. “काका, चला, मी सोडतो चौकीपर्यंत,” असं म्हणाले आणि मग दोघांनीही जॅमरकडे पाहिलं. शेवटी रिक्षा केली. दंड जावयांनी भरला. काका ‘नको, नको’ म्हणत होते, पण हात खिशाकडे नेत नव्हते.

दोघं काकांच्या गाडीतून परत आले तेव्हा त्यांचं बोलणं जावयांच्या शाळेपर्यंत पोचलं होतं. गणिताला कोण होते, पाढे कितीपर्यंत येतात वगैरे. काकूंनी जिन्यातूनच हाक मारली, “भाऊजी, अनारसे खाऊन जा.” दोन वर्षं या दोन घरांत फक्त नोटीस बोर्डावरून बोलणं होतं. गाडी उचलून नेता येते, शेजारी येत नाही. तो संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतोच. त्या संध्याकाळी तो अनारसा घेऊन भेटला. जावई मात्र मुक्कामाला राहिले, कारण किल्ली वाडीला होती.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत जॅमर भंगारात काढायचं ठरलं. प्रत्येकाने काचेवर फोन नंबर लावावा, हेही ठरलं. तिसरा ठराव काकूंचा: गेटजवळची एक जागा जावयांसाठी कायम राखीव ठेवावी. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका तडक उभे राहिले आणि त्यांनी ठरावाला अनुमोदन दिलं.

त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलंय.