बॅग भरून झाली, लेकराचं काय?

परदेशी सहल ठरली की जालन्यातल्या घरांत आधी बॅग भरायला घेतात. वीस वर्षांचं लेकरू सोफ्यावर मोबाइल बघत पडलेलं असतं आणि आई, मावशी, आजी मिळून त्याचे कपडे लावत असतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दोन स्वेटर, देवाचा अंगारा. बाप बॅग उचलून काट्यावर ठेवतो. काका एजंटाशी बोलतो, मामा पैसे बदलून आणतो. पासपोर्ट कपाटात, बापाच्या फाइलमध्ये. जाणाऱ्याला विचारा, बाबा रे, तुझं विमान कुठून आहे, किती वाजता? उत्तर येतं, "पप्पांना माहीत आहे."

मग पप्पांनाच पाठवा ना!

वर आणखी एक वाक्य ऐकू येतं. "ग्रुपमध्ये चाललाय, काळजी कसली?" मला या वाक्याचा राग येतो. ग्रुप तिकिटं काढतो, खोली मिळवून देतो, वेळेवर जेवायला बसवतो. पण इमिग्रेशनच्या खिडकीपुढे एकेकालाच बोलावतात. तिथे ना टूर मॅनेजर शेजारी असतो, ना मामा. समोरचा अधिकारी विचारतो, कशाला आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, परतीचं तिकीट दाखवा. चारच साधे प्रश्न. त्यासाठी दोन-दोन महिने स्पोकन इंग्लिशचा क्लास लावणारे पालक मी पाहिले आहेत, पण हे चार प्रश्न घरी एकदाही विचारून बघत नाहीत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. हॉटेलचं नावच माहीत नसेल तर अस्खलित इंग्रजीही कामाला येत नाही.

'कशाला जातेस' या प्रश्नाला आपल्याकडच्या एका मुलीने फार पूर्वी भर सभेत उभं राहून उत्तर दिलं होतं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, आनंदीबाई जोशींनी आपण अमेरिकेला का जातो आहोत हे लोकांपुढे सांगितलं. वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. लोकांच्या एकेक शंकेला त्यांनी स्वतः उत्तर दिलं आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबतीला ओळखीच्या परदेशी बायका होत्या, नवरा नव्हता. नवऱ्याचा आग्रह, त्याचा धाक, त्याची धडपड हे सगळं त्या प्रवासामागे होतं, ते मान्य. पण त्या दिवशी सभेत बोलल्या त्या आनंदीबाईच. आज अठराव्या वर्षी आपलं लेकरू पासपोर्ट केंद्रावर गेलं तरी टोकन बापाच्या हातात असतं.

पासपोर्टपासूनच सुरुवात करा. अर्ज त्याला भरू द्या. जन्मतारीख, पत्ता, आईच्या नावाचं स्पेलिंग त्यालाच जुळवू द्या. दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की पासपोर्ट 'नॉन-ईसीआर', म्हणजे वेगळ्या इमिग्रेशन मंजुरीची गरज नसलेला, होतो, हे त्याला वाचू द्या, कारण उद्या नोकरीसाठी आखातात जायची वेळ आली तर त्याचा उपयोग त्यालाच आहे. पडताळणीला पोलीस आले की बैठकीत बाप बोलतो आणि पोरगं दाराआड उभं राहतं, हे बंद करा. अठरा वर्षांनंतरचा पासपोर्ट दहा वर्षांचा मिळतो. ती दहा वर्षं सांभाळायची कुणी? बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत अजून किमान सहा महिने शिल्लक लागते, हे बघायचं कुणी?

सहलीतही पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे हवा. हॉटेलात नोंदणीसाठी टूर मॅनेजरने घेतला, ठीक. त्याच संध्याकाळी परत मागायचा. मागायला लाज वाटते म्हणून आठ दिवस दुसऱ्याच्या पिशवीत पासपोर्ट ठेवणारी मोठी माणसंसुद्धा आहेत. एक झेरॉक्स बॅगेत, एक फोटो मेलवर, एक प्रत घरी. हरवलाच तर तिथल्या पोलिसांत तक्रार करायची आणि भारतीय दूतावास गाठायचा. परत येण्यापुरता तात्पुरता दाखला तिथे मिळतो, पण कागद मागतात, आणि कागदाची प्रत हाताशी असेल तर धावपळ निम्मी होते.

पैशाचंही तेच. डेबिट कार्ड दिलं म्हणजे झालं असं वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंदच असतं. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं, खर्चाची मर्यादाही तिथेच घालता येते. हे जालन्यात बसून दोन मिनिटांत होतं. बँकॉकच्या बाजारात दुकानदारापुढे उभं राहून, ओटीपीची वाट बघत होत नाही, कारण रोमिंग चालू केलेलं नसतं. यूपीआय काही देशांत काही ठिकाणी चालतं, सगळीकडे नाही. रोख रक्कम मोजून त्याच्या हातात द्या आणि रोजचा खर्च लिहायला सांगा. हिशेब तुम्हाला दाखवण्यासाठी नको, त्याच्या स्वतःसाठी हवा.

आता बॅगेकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे आणि तो मायेने भरलेला आहे. आजीने डिंकाचे लाडू केले. डिंक तळला, खोबरं भाजलं, खारीक कुटली आणि वरून मूठभर खसखस परतून टाकली. लाडू दुबईला निघाला. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सौदी अरेबियातही तीच गत, म्हणजे उमऱ्याला निघालेल्या घरांनीही मसाल्याची पुडी बांधताना त्यात काय कुटलं आहे ते बघावं. युरोपात बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढा आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत ठेवली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पॉवर बँक नेमकी उलटी, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्याच बॅगेत हवी. आणि खोकल्याचं औषध! कोडीन असलेलं औषध अमिरातीत परवानगीशिवाय चालत नाही. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचं सामान. "तिकडं माझा मेहुणा आहे, एवढं पाकीट दे त्याला." जालन्यात असं पाकीट नाकारणं म्हणजे नातं तोडणं. तरीही नाकारायला शिकवा. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं आत्याने भेट दिलेल्या सहलीसाठी कतारला गेलं. आत्यानेच कुणाला तरी द्यायचं म्हणून एक पाकीट सोबत दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोच्या आसपास चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, बाळंतपण तुरुंगातच झालं. भारतात तपास झाला, कतारच्या वरच्या कोर्टाने प्रकरण पुन्हा ऐकलं आणि दोघं २०२१ मध्ये सुटून घरी आले. त्यांना फसवणारी सख्खी आत्या होती. आपल्या लेकराला 'नाही' म्हणता येतं का, हे मुंबईच्या विमानतळावर नव्हे, घरच्या ओट्यावर तपासून घ्या. काकूला नाही म्हणू द्या. काकू रुसेल. रुसू द्या.

सहलीच्या नावाखाली नोकरीचं आमिष दाखवणारेही आहेत. पर्यटक म्हणून थायलंडला न्यायचं, तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावडीला पोहोचवायचं आणि फसवणुकीच्या कॉल सेंटरवर बसवायचं. अशा ठिकाणांहून भारतीय तरुणांना सोडवून आणावं लागलं आहे. दहा दिवसांच्या सहलीत कुणी 'इंटरव्ह्यू' म्हटलं की तिथूनच मागे फिरायचं, एवढं पोराच्या कानावर घालून ठेवा.

मुलीच्या बाबतीत आपलं घर फार प्रश्न विचारतं आणि फार थोडं शिकवतं. ग्रुपमध्ये कोण मुलं आहेत, खोलीत कोण असणार, कपडे काय घालणार. हे सगळं विचारून होतं. पण खोलीतली सोबतीण त्रास देत असेल तर खोली बदलून कशी मागायची, टूर मॅनेजरचंच वागणं खटकलं तर कुणाला सांगायचं, पाळीची तारीख सहलीत आली तर काय न्यायचं, यावर कुणी तोंड उघडत नाही. तिला सहलीला पाठवताना भावाला पाठीराखा म्हणून जोडू नका. तिला वरिष्ठांपुढे खणखणीत तक्रार करायला शिकवा, आणि तक्रार केली तर "तुला कुणी सांगितलं होतं जायला" हे वाक्य घरात कुणीही उच्चारणार नाही, असं तिला आधी सांगा.

नेपाळला जाताना आपण परदेशी चाललो आहोत हेच लोकांच्या लक्षात येत नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले. त्यात बहुतेक आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले होते. ते यात्रेकरू तीन बसगाड्यांमधून निघाले होते. अशा बातमीनंतर घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, आमचं माणूस कोणत्या बसमध्ये होतं? म्हणून ग्रुपची पूर्ण यादी, बसचा क्रमांक, रोजच्या मुक्कामाचं ठिकाण आणि विम्याचा कागद घरी हवा. आणि जाणाऱ्याला घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ हवेत. आजच विचारून बघा. मोबाइल न बघता आईचा नंबर सांगता येणारं वीस वर्षांचं लेकरू किती घरांत सापडेल?

जालन्याला आणखी एका सहलीशी देणंघेणं आहे. कृषी खात्याचे शेतकऱ्यांसाठी परदेश अभ्यास दौरे असतात, त्यांचा काही खर्च सरकार अनुदान म्हणून उचलतं. कडवंचीसारख्या, पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांवर द्राक्ष पिकवणाऱ्या गावातला तरुण अशा दौऱ्यावर नेदरलँड्सला किंवा इस्राइलला गेला तर त्याने काय न्यावं? मी म्हणेन, स्वतःच्या बागेचा हिशेब. एकरी पाणी किती, औषधावर खर्च किती, व्यापाऱ्याने भाव काय दिला, मजुरी किती गेली. हे आकडे वहीत असले तर तिथल्या शेतकऱ्याला विचारायला प्रश्न आपोआप सुचतात. हिशेब नसेल तर काचघरापुढचे फोटो घेऊन माणूस परत येतो, आणि तेच फोटो पुढच्या वर्षी दुसरा कुणी काढून आणतो. जनतेच्या पैशातून झालेल्या दौऱ्याचं गावाने नंतर पारावर बसवून विचारायला हवं. काय पाहिलंस, आपल्याकडे त्यातलं काय लागू पडतं, काय नाही?

रंगीत तालीम जालन्यातूनच करता येते. सहलीच्या महिनाभर आधी लेकराला एकट्याने मुंबईला पाठवा. वंदे भारत किंवा जनशताब्दी, तिकीट त्याने काढायचं. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रोने विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत जायचं, आत जायचं फाटक कोणतं ते बघायचं, बाहेर कुठेतरी जेवायचं, रात्रीच्या गाडीने परत यायचं. स्टेशनवर सोडायला घरातले सात जण नकोत. मुंबईच्या आतेभावाला "जरा लक्ष ठेव" असा फोनही नको. रस्ता चुकला तर चुकू द्या, दादरला उतरून विचारेल कुणाला तरी. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत चुकायची ही शेवटची स्वस्त संधी आहे.

आणि तयारी पालकांचीही हवी. सहलीतल्या मुलाला दिवसातून सहा व्हिडिओ कॉल करू नका. थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांचं ऋतूनुसार साडेतीन-साडेचार तास मागे. तिथली वेळ बघून रोजचा एक फोन ठरवा. जालन्यात रात्री नऊचा ठरला तर नऊला येईल. साडेनऊपर्यंत आला नाही तर आधी टूर मॅनेजरला लावा, मग मुलाच्या खोलीतल्या जोडीदाराला. त्याचा नंबर सहलीआधीच लिहून घ्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र तोपर्यंत एक अक्षरही टाकू नका.